झेंडा त्यांच्याकडे, मोटर माझ्याकडे

मी आमच्या सोसायटीची चेअरमन झाले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला, आणि तो पाण्यासाठी किंवा लिफ्टसाठी मुळीच नव्हता. तिनं मनातल्या मनात थेट सव्वीस जानेवारी गाठली होती. चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीत झेंडा चेअरमन फडकवतो. म्हणजे येत्या सव्वीस जानेवारीला दोरी माझ्या हातात असणार. निकाल लागल्या लागल्या तिनं पिंपरीतल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून हे कळवून टाकलं.

आईनं उमेदीची सगळी वर्षं भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला काढली. तिथं सव्वीस जानेवारीला झेंड्याखालची जागा झाडायची, सडा घालायचा, रांगोळी काढायची, हे काम तिचं. मालक झेंडा फडकवायचे तेव्हा ती मागे चहाच्या किटलीपाशी उभी असायची. तिचा कुणी अपमान केला असं नाही. मालक बरे होते, दिवाळीला साडी द्यायचे. पण दोरी कुणाच्या हातात द्यायची हे जिथं ठरायचं, तिथं तिचं नाव निघण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही बौद्ध. आमच्या घरात सव्वीस जानेवारी म्हणजे सण, खीर होते, नवे कपडे होतात. आई म्हणते, "पंधरा ऑगस्टला देश सुटला. सव्वीस जानेवारीला आपण सुटलो." अशा बाईच्या मुलीच्या हातात झेंड्याची दोरी येणार होती, आणि मुलीनं, म्हणजे मी, ती स्वतःहून दुसऱ्याला देऊन टाकली. ती का दिली ते सांगायला बसले आहे. पश्चात्ताप नाही. उलट अभिमान आहे, आणि तो झाकून ठेवण्याइतकी मी सोज्वळ नाही.

माझ्या आधीच्या चेअरमनना सगळे काका म्हणतात. मूळचे कोकणातले, एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. उंचेपुरे, फेटा शोभणारे, आवाज असा की माइक बंद पडला तरी कार्यक्रम थांबत नाही. कुणाकडे बारसं असो की मयत, काका पहिले हजर. कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं आणि कुणाचा जावई कुठल्या शिफ्टला, हे त्यांना तोंडपाठ. पण कारभाराच्या नावानं आनंदीआनंद. आठवडा आठवडा सह्या अडकायच्या, कारण काका सकाळी सत्काराला आणि संध्याकाळी उद्घाटनाला.

एकदा स्नेहसंमेलन चालू असताना आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी. लिफ्टच्या कंपनीचा करार संपलेला होता, त्यामुळे त्यांचा माणूस म्हणाला, तुमच्या चेअरमननी एक शब्द सांगितला की येतो. शब्द सांगणारे काका स्टेजवर हार घालून घेत होते. वॉचमन दोनदा पायऱ्यांपर्यंत गेला आणि दोन्ही वेळा त्याला कुणीतरी मागे सारलं, "थांब रे, सत्कार चालू आहे." काकांचा हार, मग पाहुण्यांचा हार, मग आभार. ते सगळं संपेपर्यंत त्या मायलेकी आत बसून राहिल्या. लिफ्ट उघडल्यावर ती मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती आईला चिकटून होती. तिच्याकडे बघून माझं डोकं फिरलं, आणि त्या फिरलेल्या डोक्यानं मी निवडणुकीला उभी राहिले.

निवडून आले तेव्हा मला वाटलं, आता माणूस बदलला, प्रश्न मिटला. मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट बरोबर असेल तर पास, नसेल तर लाल टॅग, मधलं काही नाही. सोसायटीही अशीच चालवू, असा माझा रुबाब होता.

तो रुबाब दोन-तीन महिन्यांतच उतरला. फर्स्ट शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं घरी यावं, तर खाली कुणीतरी हार घेऊन उभंच. नव्या गाडीचा नारळ, हळदीकुंकू, गणपतीची आरती, कुणाच्या आजोबांची पंच्याहत्तरी. "मॅडम, तुम्ही चेअरमन. तुमच्याशिवाय कसं होईल?" पाण्याची मोटर बदलायची होती, तिची कोटेशन्स माझ्या पर्समध्ये कुंकवाच्या पुड्यांबरोबर फिरत होती. आणि मानपानाचं काम तरी मला कुठं जमत होतं? व्यायामशाळेच्या उद्घाटनाला माझ्या हातात कात्री दिली, तर मी आधी आत जाऊन ट्रेडमिलचं अर्थिंग बघून आले. अर्थिंग नव्हतं. मी म्हटलं, इलेक्ट्रिशियन येऊ दे, मग रिबन कापते. फुगे, पेढे, फोटोग्राफर, सगळे तिथंच ताटकळले आणि ज्यांनी वर्गणी काढून मशीन आणली होती ते माझ्याशी पुढे महिनाभर बोलले नाहीत. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण रिबन कापायला बोलावलेला माणूस मशीन तपासायला लागला तर ते उद्घाटन राहत नाही, इन्स्पेक्शन होतं, एवढं मला मान्य आहे.

त्याच सुमारास आमच्या सी विंगमधले एक गृहस्थ गेले. मी पोचले तेव्हा काका आधीच तिथं होते. हरलेले, पद गेलेले, तरी तिरडीची बांधाबांध त्यांच्याच देखरेखीखाली चालली होती. घरातली बाई त्यांच्याकडे बघून रडली. माझ्याकडे बघून ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, गाड्या लावायला जागा होईल ना?" मला तिचा राग आला नाही. ती दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी मागत होती आणि दोन्ही खऱ्या होत्या. काका वाईट चेअरमन होते, पण मी ज्याला फालतू समजत होते ते काम ते जीव ओतून करत होते. खोट माणसात नव्हती. आमच्या त्या एका खुर्चीवर दोन माणसांचं काम लादलेलं होतं.

मग आमच्या कंपनीत नवीन मशीन बसवायला एक परदेशी इंजिनियर आला. जेवताना कॅन्टीनच्या टीव्हीवर दिल्लीत आलेल्या कुठल्याशा पाहुण्याचं स्वागत दाखवत होते. राष्ट्रपती भवनाचं अंगण, घोडेस्वार, मानवंदना. राष्ट्रपतीही उभे, पंतप्रधानही उभे. तो मला म्हणाला, "यातला तुमचा मोठा कोण?" मी म्हटलं, मान मोठा यांचा, काम मोठं त्यांचं. राज्य चालवतात पंतप्रधान, पण सव्वीस जानेवारीला तेच आधी येऊन थांबतात आणि राष्ट्रपतींचं स्वागत करतात. झेंडा राष्ट्रपती फडकवतात. संसदेत भाषणही राष्ट्रपतींचं, त्यात ते 'माझं सरकार' म्हणतात, पण लिहून दिलेलं असतं सरकारनं. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे दोन्ही एकाच माणसाकडे. तोच शहिदांना फुलं वाहतो, तोच कर वाढवतो. कराबद्दल ओरडावं तर लोक म्हणतात, देशाच्या प्रमुखाबद्दल असं बोलतात का?

जेवण संपलं तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आमच्या वॉचमनला स्टेजखाली हेच तर सांगितलं होतं. हार गळ्यात असलेल्या माणसाला जाब विचारायचा नसतो. आणि आपल्या देशानं पहिल्यापासून ही भानगड ओळखून हार एकाच्या गळ्यात आणि जाब दुसऱ्याच्या माथी ठेवला, याचा मला त्या कॅन्टीनमध्ये पत्र्याच्या ताटासमोर बसून भलताच अभिमान वाटला. शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात हे मी नुसतं पाठ करून लिहिलं होतं.

रविवारच्या सभेत मी सरळ मांडलं. सह्या, पाणी, लिफ्ट, भांडणं माझ्याकडे. झेंडा, रिबन, सत्कार, सांत्वन यासाठी एक वेगळा माणूस निवडायचा. तो कशावरही सही करणार नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, "मॅडम, हे काय दिल्ली आहे का?" तेव्हा पाठीमागून आबा उठले. आबा चऱ्होलीचेच. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांची होती आणि आता त्यांचे इथं फ्लॅट आहेत.

"दिल्लीला कशापायी जाता?" आबा म्हणाले. "आमच्या जत्रंत मानकरी येगळा आन् कारभारी येगळा. मानकऱ्यानं नारळ फोडायचा, कारभाऱ्यानं मांडव बघायचा. कारभारीच नारळ फोडत बसला तर मांडव कोन बघनार? पडंल की डोक्यात."

सभा हसली आणि तिथंच निम्मी जिंकली गेली. मानकरी हा शब्द सगळ्यांनाच आवडला. पहिला मानकरी कोण, यावर तर चर्चाच झाली नाही. काका. मीच सुचवलं.

घरी आल्यावर आईनं कुकर आदळला, शिट्टी आदळली, मग तोंड उघडलं.

"हरलेल्याला झेंडा आणि जिंकलेलीला मोटर? हे कुठलं गं गणित?"

"आई, देशात पण राष्ट्रपती..."

"मला नको शिकवू राष्ट्रपती. घटना मला तुझ्याआधीपासून माहितीये. राष्ट्रपतीला निवडतात. तू मानकरी आणलास. गावात मानकरी कोण असायचं गं? बापाचा मान पोराला, पोराचा नातवाला. म्हणून तर आपण वेशीच्या बाहेर राहिलो. आणि तू तोच शब्द सभेत नेऊन बसवलास, वर आपल्या वाटणीची दोरी पण देऊन आलीस."

क्वालिटीतल्या माणसाला चूक दाखवली की ती मान्य करावी लागते, मग दाखवणारी आई का असेना. पुढच्या बैठकीत मी ठरावात भर घातली: मानकरी दरवर्षी सगळ्यांनी हात वर करून निवडायचा, आणि एकदा झालेला पुन्हा लगेच नाही. शिवाय त्याला एक अधिकार द्यायचा. समितीचा निर्णय पटला नाही तर तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकेल. आम्ही तोच निर्णय पुन्हा घेतला, तर मात्र त्यानं मान्य करायचा. राष्ट्रपतींचं विधेयकांच्या बाबतीत असंच असतं, पण 'हे काय दिल्ली आहे का' असं आता सभेत मला कुणी विचारलं नाही. आमच्या ठरावातलं सगळ्यात शहाणं कलम, दरवर्षी निवडण्याचं, असं आईच्या भांडणातून आलं. तिला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "दोरी गेली ती गेलीच ना."

सव्वीस जानेवारीला झेंडा मी बांधला. त्यात फुलं भरली, गाठ दोनदा तपासली. मग फाटकापाशी जाऊन उभी राहिले. काका फेटा बांधून आले, मी हात जोडून त्यांना झेंड्यापर्यंत घेऊन गेले. आई पांढरी साडी नेसून मागच्या रांगेत उभी होती. पिंपरीचे नातेवाईकही आले होते. त्यांना आधीच फोन गेले होते ना. मावशीनं तिच्या कानाशी काहीतरी विचारलं आणि आईनं नुसती मान हलवली. काकांनी दोरी ओढली, झेंडा झटक्यात उघडला, फुलं पडली. राष्ट्रगीत झालं. मग काकांनी मी लिहून दिलेलं भाषण त्या खणखणीत आवाजात वाचलं. "माझ्या समितीनं नवी मोटर बसवली. माझ्या समितीनं लिफ्टचा करार केला." लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्यासाठी. खरं सांगायचं तर आपण केलेलं काम दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं सोपं नसतं. घरी आईनं सगळ्यांना खीर वाढली. माझी वाटी मात्र जरा जोरातच टेकवली.

त्या वर्षी आमच्या सोसायटीत कामं झाली. मला कुणी हाराला बोलवेना, त्यामुळे संध्याकाळ रिकामी मिळायची. लोक मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, कुठंही अडवून खडसावायचे. पाणी कमी का आलं, जिन्यातला दिवा का गेला. खडसावताना कुणाला संकोच वाटत नव्हता आणि ते मला आवडायला लागलं. काकांचंही सोनं झालं. पूर्वी त्यांच्याकडे बघून लोकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. आता त्यांना बघून लहान मुलंही हात करायची.

एकदा त्यांनी माझा निर्णय परत पाठवला. संध्याकाळी अंगणात ढोल-लेझीमचा सराव नको, असं मी समितीत मंजूर करून घेतलं होतं. फर्स्ट शिफ्टहून आलेल्या, नाइटला जाणाऱ्या माणसांनी झोपायचं कधी? काका दारात येऊन म्हणाले, "माझा म्हणणा एवढाच आहे बाय, की पोरांना एकदा विचारा. मगे तुमचा निर्णय तोच आला तर मी काय बोलणार नाय." मी चिडले. पण पोरांना बोलावलं. त्यांनी रविवारची सकाळ मागितली आणि आम्ही ती दिली. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. काका गेल्यावर म्हणाली, "बरं झालं. तुला पण विचारणारं कुणीतरी पाहिजेच होतं." कित्येक महिन्यांनी ती माझ्याशी हसून बोलली.

वर्ष संपलं. नवा मानकरी निवडायला क्लबहाऊसमध्ये सभा भरली. आई महिला मंडळाच्या बायकांबरोबर मधल्या रांगेत बसली होती. मी विषय वाचला, तोच काका उभे राहिले.

"यंदा दोरी चेअरमन मॅडमच्या आईंच्या हातात द्यावी, असा माझा म्हणणा आहे," ते म्हणाले. "त्या चेअरमनच्या आई म्हणून नाय हां. बी विंगमधल्या बाळंतिणीला डबा कोणी दिला? डेंग्यू झालेल्या पोराजवळ कोण बसला? मी मानाचा धनी, पण पोचायचो तेव्हा ह्या बाई आधीच बसलेल्या असायच्या."

"व्हय व्हय, आपलं अनुमोदन!" आबा ओरडले. आणि हात वर झाले. पुढचे, मागचे, खिडकीत टेकून उभे असलेल्यांचे. चेअरमन म्हणून मला यावर बोलता येत नव्हतं आणि मुलगी म्हणून मला ओरडावंसं वाटत होतं, आई, घे. घेऊन टाक. तुझीच आहे ती.

आई पुढच्या खुर्चीला धरून उठली. पदर सारखा केला.

"नको," ती म्हणाली.

वर झालेले हात एकेक करून खाली आले.

"तुम्ही माझं नाव घेतलंत, मी विसरणार नाही. पण माझी लेक कारभार बघते. उद्या तिचं काही चुकलं, तर तुम्ही माझ्याकडे बघाल आणि गप्प बसाल. तसं नको. तिला विचारता आलं पाहिजे, आत्ता विचारता तसं, जिन्यात अडवून. एकाच घरात दोन्ही आलं की परत पहिल्यासारखं. ती चेअरमन आहे तोपर्यंत माझं नाव घेऊ नका."

एवढं बोलून ती बसली. शेजारच्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला पुढचं नाव विचारायचं होतं. मी विषयपत्रिका सेक्रेटरींकडे सरकवली आणि त्यांनी विचारलं. ए विंगमध्ये लातूरकडच्या एक निवृत्त नर्सबाई राहतात, त्यांचं नाव आलं आणि एकमतानं मंजूर झालं. आईनंही हात वर केला.

सभा सुटल्यावर आम्ही दोघी जिन्यानं वर निघालो. एका मजल्यावर ती दम खायला थांबली. मी म्हटलं, "आई, इतकी वर्षं तुला ती दोरी हवी होती."

"हवी होती की. अजून आहे," ती म्हणाली. मग कठड्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली. "किती हात वर झाले होते गं? मोजलेस का तू?"

"नाही गं. मला कुठलं सुचतंय मोजायला."

"मी मोजायला गेले," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले, "पण दिसेचना काही. सगळ्यांचे होते ना?"